मालवणात जेवायचं कुठे? आधी वेळ ठरवा, मग ताट

मालवणहून परत आलेल्यांच्या जेवणाबद्दलच्या तक्रारी मी बरीच वर्षं ऐकतो आहे आणि त्या फिरून फिरून त्याच असतात. ‘नावाजलेल्या हॉटेलात गेलो, तासभर उभे राहिलो आणि मिळाला वातड तुकडा.’ ‘सुरमई थाळी मागवली, पण आमटीत दुसराच मासा.’ ‘बिल बघून जीव घाबरा झाला.’ प्रत्येकाला वाटतं की आपण हॉटेल चुकीचं निवडलं. बहुतेक वेळा हॉटेल ठीकच असतं. पोहोचायची वेळ चुकलेली असते, त्या दिवशी समुद्राने दिलेला मासा सोडून दुसराच मागितलेला असतो किंवा भाव न विचारता ऑर्डर दिलेली असते.

म्हणून इथे हॉटेलांची क्रमवारी देत नाही. एक पूर्ण दिवस कोणत्या क्रमाने काढला म्हणजे दोन्ही वेळा नीट जेवायला मिळतं आणि बाजारही होतो, तेवढंच सांगतो. क्रम बदललात तर पुढचं सगळं घसरतं, हे मात्र लक्षात ठेवा.

टप्पा १ : निघण्याआधी तारीख तपासा

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. या काळात मालवणच्या हॉटेलात सुरमई-पापलेट मिळालं तर ते बहुधा बर्फातलं असतं. पापलेट ताजं नाही म्हणून जुलैत कुणावर रागावण्यात अर्थ नाही. जून-जुलैत जाणार असाल तर मागणीच बदला. कोळंबच्या आणि कर्लीच्या खाडीतल्या कुर्ल्या म्हणजे खेकडे, पहिल्या पावसात नदीला चढणारे चढणीचे मासे, सुक्या बांगड्याची किंवा सुकटाची चटणी आणि कोंबडी-वडे मागा. पावसाळ्यातलं मालवणी घर हेच खातं आणि ते अतिशय चांगलं असतं.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या जोमाने समुद्रात जाऊ लागतात. पाऊस ओसरल्यावर बांगडा मुबलक येतो. मात्र गणपतीच्या दिवसांत निम्म्या खानावळींना कुलूप असतं, कारण चूल सांभाळणारी माणसं आपापल्या घरी गेलेली असतात. तसंच २५ डिसेंबर ते १ जानेवारी, मे महिना, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा या दिवसांत गर्दी गृहीत धरा. जत्रेची तारीख दरवर्षी देवीच्या कौलाने ठरते, ती आधी विचारून घ्या.

वारही बघा. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि संकष्टीला अनेक स्थानिक घरं मासे खात नाहीत. बुधवार, शुक्रवार आणि रविवारी मासे खाणारे जास्त, म्हणून ताजा मालही जास्त उठतो. दोन दिवस हातात असतील तर माशांचं मोठं जेवण बुधवार-शुक्रवारकडे सरकवा.

सावधान: वारं सुटलं, समुद्र खवळला की हंगाम चालू असूनही होड्या बाहेर पडत नाहीत. त्या दिवशी भाव चढतो आणि निवड घटते. हवामानाचा अंदाज फक्त पॅरासेलिंगसाठी बघायचा नसतो.

टप्पा २ : आदल्या संध्याकाळी एक फोन

मालवणात जेवणाच्या जागा ढोबळमानाने तीन प्रकारच्या आहेत. बाजारपेठ, भरड नाका, चर्च, चिवला या भागांतली मेन्यूकार्डवाली हॉटेलं. दुपारी ठरावीक ताट वाढणाऱ्या लहान खानावळी. आणि ‘घरगुती जेवणाची सोय’ अशी पाटी लावलेली घरं, जी वायरी, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात जास्त दिसतात.

पहिल्या दोन ठिकाणी न सांगता जाता येतं. तिसऱ्या ठिकाणी तसं गेलात तर पदरात निराशाच येईल, कारण तिथे येणाऱ्या माणसांच्या हिशेबानेच मासळी आणतात आणि मोजूनच खोबरं भाजून वाटतात. माझं स्पष्ट मत असं की एका दिवसाच्या दोन जेवणांपैकी एक तरी अशा घरात व्हावं. त्यासाठी आदल्या संध्याकाळी, फार तर सकाळी नऊपर्यंत फोन करा आणि इतक्या गोष्टी सांगा:

- माणसं किती, त्यात मुलं किती, शाकाहारी किती.
- किती वाजता येणार. ‘दुपारी येतो’ म्हणू नका, ‘साडेबाराला येतो’ म्हणा.
- तिखट किती चालतं. मुलांसाठी एखादा तुकडा नुसता मीठ-हळद लावून तळून मागा.
- वडे हवेत की तांदळाची भाकरी. वड्यांचं पीठ आधी भिजवून ठेवावं लागतं, ऐनवेळी होत नाही.

मासा मात्र आधी ठरवू नका. ‘सकाळी जो ताजा मिळेल तो करा, फक्त किमतीचा अंदाज कळवा’ एवढंच म्हणा. ज्याला अमुकच मासा हवा असतो, त्याच्यासाठी तो कुठून तरी आणला जातो, मग तो कालचा का असेना.

तपासा: येणं रद्द झालं तर लगेच कळवलंत ना? दहा माणसांची मासळी आणून ठेवलेल्या घरासाठी ते मोठं नुकसान असतं.

टप्पा ३ : सकाळ, हलकी न्याहारी आणि किल्ला

बहुतेकांचा दिवस इथेच बिघडतो. नऊ-साडेनऊला आरामात उठायचं, भरपेट खायचं, अकराला धक्क्यावर जायचं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीची रांग लावायची, मग स्कुबा, आणि तीन वाजता जेवण शोधायचं. तीन वाजता मालवणचं स्वयंपाकघर आवरायला निघालेलं असतं.

किल्ल्याला जायचं तर पहिल्या होड्यांपैकी एक पकडा. होडी सोडते तेव्हा परतीची वेळ सांगतात. किल्ल्यावर साधारण तासाभराचा वेळ मिळतो आणि त्याच होडीने परत यायचं असतं. रांग, जाणं, बघणं आणि येणं धरून अडीच तास हातात ठेवा. पावसाळ्यात ही होडी बंद असते. स्कुबा करायचं असेल तर ते दुसऱ्या दिवशी ठेवा. किल्ला आणि स्कुबा एकाच सकाळी करायला गेलात की दुपारचं जेवण जातंच.

न्याहारीला घावणे-चटणी किंवा आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. दोन घावणे पुरेत. गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवलेले शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, खायच्या असतील तर तेही आदल्या दिवशीच सांगावं लागतं. ते करायला दोन माणसं आणि बराच वेळ लागतो.

टप्पा ४ : साडेबाराला जागेवर हजर

साडेबारा ते दीड हा दुपारचा सोन्याचा तास. आमटी नुकतीच उतरलेली असते, तवा तापलेला असतो, मोठे तुकडे अजून शिल्लक असतात. दोननंतर शेपटीकडचे तुकडे राहतात आणि आमटी पुन्हापुन्हा गरम होऊन आटते. खोबऱ्याच्या आमटीला पुन्हा उकळी आली की तिची चव उतरते.

शहरातल्या हॉटेलांपैकी बाजारपेठेतलं ‘चैतन्य’ आणि ‘अतिथी बांबू’ ही नावं तुमच्या कानावर येतीलच. जुनी, नाव असलेली ठिकाणं आहेत, आणि म्हणूनच सुट्टीच्या दिवशी तिथे सव्वाबाराला पोहोचणं शहाणपणाचं. तिथे रांग लागलेली असेल तर उन्हात तासभर उभं राहू नका. आसपास नवी जागा निवडायची असेल तर पुढच्या खुणा बघा:

- जेवणारे कोण आहेत? बँकेतले, एसटीतले, दुकानातले लोक जेवत असतील तर आत जा. स्थानिक माणूस रोज कालचा मासा खाऊन घेणार नाही.
- फळ्यावर खडूने आजचे मासे लिहिलेत का? काही नावं पुसलेली असतील तर आणखी चांगलं. म्हणजे संपलेलं ‘आहे’ म्हणून विकत नाहीत.
- यादी किती लांब? मालवणी, पंजाबी, चायनीज सगळं एकाच कार्डावर असेल तर मालवणीकडे कुणाचं लक्ष असेल याचा विचार करा.
- वास. तव्यावरच्या तेलाचा वास जळका, जुना येत असेल तर बाहेरूनच परत फिरा.

टप्पा ५ : ऑर्डर देताना

या टप्प्यावर घाई करू नका. पाच मिनिटं इथे घालवलीत तर पुढचा तासभर सुखात जातो.

पहिला प्रश्न एकच: ‘आज ताजो मासो खयचो?’ मालवणी येत नसेल तर साध्या मराठीत विचारा, पण विचारा. ‘पापलेट आहे का?’ असं विचारलंत तर ‘आहे’ असंच उत्तर येणार. ‘ताजं काय आहे?’ म्हटलंत की बांगडा, पेडवे, सौंदाळे, मुडदुशे, लेपे अशी नावं निघतात. हे मासे सुरमई-पापलेटपेक्षा पुष्कळ स्वस्त असतात आणि जवळच्या पाण्यातले असल्याने बहुधा त्याच दिवसाचे असतात. आदल्या दिवशीच्या पापलेटपेक्षा सकाळचा बांगडा केव्हाही चांगला, हे मी ठामपणे सांगतो.

दुसरं, मासा दाखवायला सांगा. चांगल्या ठिकाणी याचा कुणालाही राग येत नाही. डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ला आतून लाल, बोटाने दाबलं तर मांस पुन्हा वर येणारं. डोळा खोल गेलेला, कल्ला तपकिरी पडलेला असेल तर दुसरं काही मागवा. कुर्ली हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे. अवसेच्या सुमाराला कुर्ल्या भरलेल्या आणि पुनवेला पोकळ, असं इथले जुने लोक सांगतात. वजन हातात घेऊन बघणं हा त्यावरचा सोपा उपाय.

तिसरं, भाव. पापलेट, सुरमई, कुर्ली, शेवंड (लॉबस्टर) यांच्यापुढे अनेकदा आकडा नसतो, ‘साइजप्रमाणे’ किंवा ‘ए.पी.एस.’ (ॲज पर साइज) असं लिहिलेलं असतं. तिथे तुकडा किंवा मासा समोर ठेवून ‘हा एवढा, तळून, कितीला?’ हे विचारून घ्यायचं. मी स्वतः एकदा चार पाहुण्यांसमोर भाव विचारायला संकोचलो. सरंगा मोठा होता, चवीला उत्तम होता, पण बिल आलं तेव्हा ठरवलेल्या दोन दिवसांचे पैसे एका जेवणात गेले होते. चूक माझी होती. त्यानंतर मी विचारल्याशिवाय मासा तव्यावर जाऊ देत नाही.

चौथं, थाळी म्हणजे काय ते समजून घ्या. ‘सुरमई थाळी’ असं लिहिलं असेल तर तळलेला तुकडा सुरमईचा असतो. वाटीतली आमटी त्या दिवशी जो मासा शिजला त्याची असते, बांगड्याची किंवा कोळंबीचीही असू शकते. यात फसवणूक नाही, खानावळीची रीतच तशी आहे. तरी कोळंबी किंवा तिसऱ्या (शिंपल्या) यांची ॲलर्जी असलेल्याने आमटी कशाची आहे हे न चुकता विचारावं.

पाचवं, तळण कसं हवं ते सांगा. रव्याचं कुरकुरीत आवरण शहरात लोकांना आवडतं, पण जाड रव्याखाली माशाची चव हरवते आणि शिळेपणही लपतं. तांदळाचं पीठ अगदी हलकं लावून तव्यावर तळलेला मागा.

चार माणसांसाठी माझी नेहमीची ऑर्डर अशी: दोन बांगडा थाळ्या, एक त्या दिवशीच्या मोठ्या माशाची थाळी, एक कोंबडी-वडे, आणि मध्ये सगळ्यांसाठी एक तिसऱ्यांचं सुकं किंवा बांगड्याचं तिखलं. प्रत्येकाने महागडी थाळी घेण्यापेक्षा यात चार चवी मिळतात आणि अन्न टाकलं जात नाही.

तपासा: मुलांना काटे काढता येतात का? पेडवे आणि कर्ली हे मासे काटेरी. लहान मुलांना सुरमई, पापलेट, सरंगा किंवा कोळंबी द्या.

टप्पा ६ : ताट समोर आल्यावर

तळलेला तुकडा आधी खा. तो गार झाला की संपला. चपाती किंवा भाकरी त्याच्यासोबत आणि सुक्यासोबत संपवा. मग भात घ्या, त्यावर आमटी. सोलकढी सुरुवातीला पाण्यासारखी पिऊन टाकू नका. निम्मी शेवटच्या चार घास भातावर घ्या, निम्मी सगळ्यात शेवटी प्या. दुसरी वाटी मागण्याआधी तिचे पैसे वेगळे पडतात का ते विचारा. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो.

सोलकढी कशी ओळखायची? कोकमाचा रंग फिकट, थोडा मळकट गुलाबी असतो. भडक गुलाबी दिसली तर रंग घातलेला असण्याची शक्यता जास्त. नारळाचं दूध थोडा वेळ ठेवलं की वर साय धरतं, तो दोष नाही, चमच्याने ढवळा. आंबूस वास आला तर मात्र परत करा.

बांगड्याच्या तिखल्यात काळपट, हरभऱ्याएवढी फळं दिसतील. ती तिरफळं. वासासाठी घातलेली असतात, चावायची नाहीत, बाजूला काढायची. नवखा माणूस मिरं समजून चावतो आणि जीभ बधिर करून घेतो. तिसऱ्यांत एखादा शिंपला बंदच राहिला असेल तर तो उघडायची खटपट करू नका, सोडून द्या.

कोंबडी-वड्यांतले वडे म्हणजे पुऱ्या नव्हेत. तांदूळ, उडीद, हरभराडाळ, मेथी, धणे असं दळून केलेल्या पिठाचे असतात आणि जड असतात. तीन-चार पुरतात. हाताला तेल फार लागत असेल किंवा वडा आतून चिकट असेल तर तेल पुरेसं तापलेलं नव्हतं. तसं सांगा, बदलून देतात.

टप्पा ७ : सोबत शाकाहारी माणूस असेल तर

त्याला ‘पनीर मिळेल’ म्हणून गप्प बसवू नका. काळ्या वाटाण्याचा सांबारा आणि वडे हे मालवणी घरातलं मानाचं जेवण आहे. त्यात वाटण कोंबडीच्या रश्शासारखंच भाजलेल्या खोबऱ्याचं. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ओल्या काजूगरांची उसळ मिळते. ती असेल तर मांसाहारी माणसानेही एक वाटी मागवावी. कच्च्या फणसाची भाजी, कुळथाची पिठी आणि भात हेही विचारा. यांपैकी बरंच काही मेन्यूकार्डावर नसतं, फोनवर आधी सांगितलं तर होतं.

कडक शाकाहारी असाल तर तवा आणि तळणाचं तेल वेगळं आहे का, हे जागेवर बसण्याआधी विचारा. ‘नाही’ असं उत्तर आलं तर बाजारपेठेतलं शाकाहारी ठिकाण गाठा.

टप्पा ८ : दुपार झोपेची, संध्याकाळ बाजाराची

जेवून लगेच बाजारात गेलात तर बंद फळ्या बघाल. कोकणातल्या गावांसारखीच इथलीही बरीच दुकानं दुपारी बंद असतात आणि चारच्या पुढे उघडतात. तुम्हीही पडा. साडेचार-पाचला उठून चहा घ्या आणि मग खरेदीला निघा. भूक नसताना खाण्याच्या वस्तू घेतल्या की प्रमाणात घेतल्या जातात, हाही एक फायदा.

खाजा चाखूनच घ्या. बेसनाची कांडी, वर गूळ आणि आलं. ताजा असेल तर दाताखाली कडकन मोडतो, जुना दमट होऊन चिवट लागतो. पावसाळ्यात थोडाच घ्या.

कोकमाच्या बाबतीत एक चूक फार लोक करतात: सोलकढीसाठी कोकम सरबताची बाटली घेऊन जातात. सरबतात साखर असते. सोलकढीला लागतं आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, किंवा मग आमसुलं. आमसुलं मऊ, ओलसर, काळपट लाल बघा. वर मिठाचा पांढरा थर दाट असेल तर तोलात मिठाचे पैसे जातात.

मालवणी मसाला पाव किलोच घ्या आणि वास घेऊन घ्या. वर्षभराचा साठा घरी नेऊन त्याचा वास उडतो. सुकी मासळी सगळ्यात शेवटी घ्या, परत निघायच्या दिवशी. हाताला कोरडी लागली पाहिजे, वाळू खरखरता कामा नये. वर्तमानपत्राचे थर, मग प्लॅस्टिक, मग झाकण घट्ट बसणारा डबा. रेल्वेच्या डब्यात किंवा एसटीत शेजारच्या माणसाला त्रास होऊ नये एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी.

टप्पा ९ : रात्रीचं जेवण

रात्री साडेसात-आठला बसा. साडेनऊनंतर इथे फारसं काही उरत नाही, आणि तारकर्ली-देवबागकडे मुक्काम असेल तर तिकडचे रस्ते अंधारे, अरुंद आहेत. दुपारी मासे झाले असतील तर रात्री कोंबडी-वडे किंवा नुसती पिठी-भात आणि सुक्या बांगड्याचा तुकडा. दोन्ही वेळा तिखट आमटी आणि तळण खाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी होडीत बसणं त्रासाचं होतं, मुलांना तर हमखास.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी असेल तर रात्रीच न्याहारीचं सांगून ठेवा. कुडाळ स्टेशन साधारण ३० किलोमीटरवर आहे. रस्त्याला तासभर धरा, वर थोडी सवड ठेवा. फोनवरचे पैसे प्रत्येक वेळी जातीलच असं नाही, देवबागच्या टोकाला तर रेंजच जाते, म्हणून दोन जेवणांपुरती रोख रक्कम खिशात असू द्या. आणि घरगुती ठिकाणी जेवला असाल तर निघताना आत जाऊन, जिने रांधलं तिला ‘जेवण झालं हो काकी, चांगलं झालं होतं’ असं सांगून या. पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा ताजं काय आहे ते तुम्ही विचारायच्या आधी ती सांगेल.